धंदा विकायचा असेल तर तीन वर्षं आधी बुधवारची सुट्टी घ्या

रबाळे एमआयडीसीतला माझा कारखाना मी २०२२ साली विकला. औषध कंपन्यांना लागणारी सिलिकॉनची गास्केटं, नळ्या आणि सील आम्ही बनवायचो. १९९८ साली वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या अर्ध्या गाळ्यात, एका जुन्या हायड्रॉलिक प्रेसवर सुरुवात झाली. २००६ साली खाडी ओलांडून रबाळ्यात स्वतःचा प्लॉट घेतला. विकला तेव्हा २२ माणसं कामाला होती.

तेव्हापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातले ओळखीचे कारखानदार भेटले की दोन गोष्टी विचारतात. एक, व्यवहार कसा केला. दुसरी, जरा आवाज खाली आणून, आता दिवस कसा जातो. या दोन्हींची तयारी एकत्रच करायची असते हे मला अर्ध्या वाटेत कळलं. मालक गेला नाही तरी चालणारा कारखाना घ्यायला लोक तयार असतात, आणि कारखान्यात न जाण्याची सवय मालकालाही लावून घ्यावी लागते. म्हणून हा लेख बुधवारपासून सुरू करतो.

बुधवारची सुट्टी

२०१९च्या जूनपासून मी दर बुधवारी कारखान्यात जाणं बंद केलं. फोन चालू ठेवायचा, पण जायचं नाही. शेजारी एक वही ठेवली. कारखान्यातून फोन आला की वेळ, कोणाचा आणि कशासाठी, एवढंच लिहायचं. पहिल्या बुधवारी १४ फोन आले.

ही वही म्हणजे तुमच्या धंद्यात तुम्ही कुठे कुठे अडकून बसलात त्याचा नकाशा आहे. माझे १४ फोन चाळले तर त्यातले पाच खरेदीच्या परवानगीचे होते. आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते २० वर्षं माझ्यासोबत होते, तरी ५,००० रुपयांवरचं काहीही माझ्या होकाराशिवाय घेऊ शकत नव्हते. मर्यादा २५,००० केली, ते पाच फोन बंद झाले. चार फोन दराचे होते, कारण कोणत्या गिऱ्हाइकाला काय भाव हे फक्त माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी कॉस्टिंगचा तक्ता बनवायला दोन महिने गेले. सिलिकॉनमध्ये क्युरिंगचं, म्हणजे ते पक्कं करणारं, रसायन किती घालायचं, कोणत्या जाडीला प्रेस किती तापवायची आणि किती मिनिटं ठेवायची, ते माझ्या जुन्या डायरीत होतं. ते प्रत्येक प्रेसजवळ लॅमिनेट करून लावलं.

सर्वात अवघड निघाले गिऱ्हाइकांचे फोन. दोन मोठ्या औषध कंपन्यांचे खरेदी अधिकारी माझ्याशिवाय कोणाशी बोलायलाच तयार नव्हते, आणि इतकी वर्षं मला त्याचा अभिमान वाटायचा. आमच्याकडे डिस्पॅच बघणारी मुलगी हुशार होती. तिला प्रत्येक भेटीला सोबत न्यायला लागलो. सहा महिन्यांनी भेटीत तीच बोलायची, मी चहा प्यायचो. वर्षाने मी जाणंच सोडलं.

आठ महिन्यांनी बुधवारचे फोन दोनवर आले. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही, पोटात खड्डा पडला. ती भावना नीट पाहून ठेवा. विकल्यानंतर ती आठवड्याचे सातही दिवस येते, आणि आधी ओळख झालेली असली तर तिला तोंड देणं सोपं जातं.

हिशोब खरेदीदाराच्या नजरेने मांडा

आपल्याकडे छोट्या कारखान्यांचे हिशोब कर कमी भरण्यासाठी लिहिलेले असतात, विकण्यासाठी नव्हे. घरची गाडी कारखान्याच्या नावावर, मुलीच्या फोनचं बिल कारखान्याच्या खर्चात, काही माल रोखीने. रोखीचा धंदा विकताना मोजता येत नाही. जो नफा ताळेबंदात नाही त्याचे पैसे कोणीही देणार नाही, म्हणून किमान तीन आर्थिक वर्षं प्रत्येक रुपया बँकेतून आणि जीएसटीतून गेलेला हवा.

मग खरी कमाई काढायची. आकडे समजण्यासाठी घेतो. समजा करापूर्वीचा नफा ४२ लाख दिसतो. त्यात ५ लाख व्याज आणि ७ लाख घसारा, म्हणजे यंत्रांची कागदावरची झीज, परत मिळवा. घरचे ४ लाख खर्च आणि छप्पर दुरुस्तीचे एकदाच झालेले ३ लाख मिळवा. झाले ६१. आता उलट बाजू, जी मालक विसरतात. तुम्ही स्वतःला वर्षाला ६ लाख घेता, पण तुमच्या जागी मॅनेजर ठेवला तर तो १८ लाख घेईल, म्हणून १२ वजा. प्लॉट तुमच्या वैयक्तिक नावावर आणि कारखाना भाडं देत नाही. बाजारभावाने ते ९ लाख असेल तर तेही वजा. उरले ४० लाख.

खरेदीदार या ४० लाखांना काही पटीने गुणतो. ती पट धंद्यागणिक बदलते आणि मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: उद्या तुम्ही नसाल तर हे ४० लाख येतील का? निम्मी विक्री एकाच गिऱ्हाइकाला असेल तर पट घसरते. वर्षभराचे करार असतील, मालाला औषध कंपन्यांची मंजुरी असेल, तर चढते. ४० लाखांवर तीन पट आणि चार पट यांत ४० लाखांचा फरक आहे. बुधवारच्या वहीने तो मिळवून दिला असं मी मानतो.

उधारीही आधीच आवरा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला मालाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून या मुदतीत पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येतो. माझ्या वेळी मी लाजत लाजत ४५ दिवसांची आठवण करून द्यायचो. लाजायला नको.

कागद

एमआयडीसीतले व्यवहार पैशांवरून कमी आणि कागदांवरून जास्त रखडतात. महामंडळ १९६२ सालचं, आणि वागळे इस्टेट त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक. प्लॉट आपण ‘घेतला’ म्हणतो, पण तो असतो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. १९६५चा पट्टा असेल तर तो २०६० साली संपतो, आणि खरेदीदाराची बँक उरलेली वर्षं मोजते. पट्टा दुसऱ्याच्या नावावर करायला महामंडळाची आगाऊ परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. धंदा विकून प्लॉट स्वतःकडे ठेवायचा आणि भाड्याने द्यायचा, हा मार्ग बऱ्याच जणांना आवडतो, मलाही आवडला होता. पण पोटभाडेकरू ठेवायलाही परवानगी आणि शुल्क आहेच. ते आधी विचारून घ्या, मग भाड्याचं स्वप्न रंगवा.

एका फाइलमध्ये हे लावून ठेवा: प्रदूषण नियंत्रण मंडळाचं चालू तारखेचं संमतीपत्र, कारखाना परवाना, अग्निशमनाचा दाखला, मंजूर नकाशा आणि त्याप्रमाणेच असलेलं प्रत्यक्ष बांधकाम. आमच्या मागच्या बाजूला २०११ साली घातलेली पत्र्याची शेड नकाशात नव्हती. ती पाडायला एक दिवस लागला, पण ती आहे हे खरेदीदाराच्या वकिलाने शोधून काढलं आणि त्यानंतर तो प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहू लागला. ब्रँडचं नाव असेल तर ट्रेडमार्क मालकाच्या खासगी नावावर आहे की फर्मच्या, तेही पाहा. नोंदणी दहा वर्षांची असते, नूतनीकरण राहून गेलेलं असतं.

खरेदीदार शोधताना

घेणारे बहुधा जवळच असतात. तुम्हाला कच्चा माल देणारा, तुमच्याच मालाला जोडून विकला जाणारा माल बनवणारा, पुण्या-वापीकडचा मुंबईजवळ पाय रोवू पाहणारा कारखानदार, किंवा तुमचाच मॅनेजर. माझा खरेदीदार तिसऱ्या प्रकारातला. सीए आणि बँक मॅनेजर यांच्या कानावर घातलं की बातमी योग्य माणसांपर्यंत जाते. गाळ्या-गाळ्यातून फिरली तर मात्र कामगार दुसरी नोकरी शोधतात आणि गिऱ्हाईक दुसरा पुरवठादार.

माझा पहिला व्यवहार मोडला, त्याचं कारण सांगतो. एका मोठ्या खरेदीदाराने सहा महिने कागद मागवले. मी गोपनीयतेचा करार न करता गिऱ्हाइकांची नावं आणि दर देऊन टाकले. ते मागे हटले, आणि पुढच्याच महिन्यात आमच्या दोन गिऱ्हाइकांकडे त्यांचं कोटेशन पोचलं. म्हणून क्रम पाळा. आधी गोपनीयतेचा करार. मग गिऱ्हाइकांना ‘क’, ‘ख’, ‘ग’ अशी अक्षरं देऊन आकडे. मग किंमत आणि अटींचं लेखी इरादापत्र, बयाणा. मिश्रणाची कृती आणि गिऱ्हाइकांची नावं अगदी शेवटी.

नेमकं काय विकताय

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर शेअर्स विकता येतात. मग कंपनी तीच राहते, परवाने, करार, कामगार सगळं तिच्या पोटात जातं, जुनी देणीही जातात. म्हणून खरेदीदार घाबरतो. बिगरसूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेले, शेअर्स २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असतील तर नफा दीर्घकालीन, आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर.

आमची भागीदारी फर्म होती, त्यामुळे ‘स्लम्प सेल’ केला: संपूर्ण चालता धंदा, देण्या-घेण्यासह, एका ठोक रकमेत. प्रत्येक यंत्राची वेगळी किंमत लावली की तो स्लम्प सेल राहत नाही. मुद्रांक शुल्कासाठी जमिनीचं मूल्य वेगळं दाखवलं तर मात्र चालतं. धंदा ३६ महिन्यांहून जुना असेल तर नफा दीर्घकालीन भांडवली, आणि त्याचा हिशोब सीएने प्रमाणित करून द्यावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याच्या जागी २०२५चा आयकर कायदा आहे, त्यामुळे कलमांचे जुने क्रमांक पाठ असले तरी नवे विचारून घ्या.

जीएसटीत चालता धंदा आख्खा देण्यावर करमाफी आहे. तीच यंत्रं सुटी सुटी विकली तर कर लागतो. खरेदीवर आधी भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट खरेदीदाराला देण्यासाठी आयटीसी-०२ हा फॉर्म भरायचा. आणि हे मनात पक्कं ठेवा की हस्तांतरणाच्या दिवसापर्यंतच्या जीएसटीला आणि भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार धरले जातात. खरेदीदार रक्कम अडवून ठेवतो ती याच भीतीपोटी.

स्पर्धा न करण्याचा करारही येईल. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ कोणालाही धंदा करण्यापासून रोखणारे करार रद्द ठरवतं, पण धंद्याची पत, म्हणजे गुडविल, विकणाऱ्याला अपवाद आहे: वाजवी हद्दीत त्याने तोच धंदा न करण्याचं वचन दिलं तर ते पाळावं लागतं. हद्द आणि मुदत घासून ठरवा. ‘संपूर्ण भारत, दहा वर्षं’ असा मसुदा माझ्यापुढे आला होता. महाराष्ट्र आणि गुजरात, तीन वर्षं, यावर ठरलं. या वचनापोटी वेगळी रक्कम घेतली तर तिच्यावर धंद्याचं उत्पन्न म्हणून कर लागतो, भांडवली नफ्याच्या दराने नाही.

वैयक्तिक हमी

हा भाग छोट्या कारखानदारांनी दोनदा वाचावा. आपण सगळ्यांनी कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या बँक कर्जासाठी, स्वतःची हमी दिलेली असते आणि बहुतेकांनी राहतं घर तारण ठेवलेलं असतं. आमचं नौपाड्यातलं घर तसंच होतं. धंदा विकला तरी ही हमी आपोआप सुटत नाही. नव्या मालकाने कर्ज बुडवलं तर बँक तुमच्या दारात येईल.

म्हणून पैसे मिळण्याच्या दिवशीच कर्ज फेडून, किंवा खरेदीदाराच्या नावावर वळवून, बँकेकडून हमीमुक्तीचं पत्र आणि घराची मूळ कागदपत्रं हातात घ्या. ‘पुढच्या महिन्यात देतो’ हे ऐकू नका. त्या दिवशी मी आणि बायको बँकेत चार तास बसलो. कागदांची पिशवी तिने मांडीवर धरली होती, रिक्षातही सोडली नाही.

किंमत एकरकमी मिळेल असं धरू नका. आम्हाला ८० टक्के सही होताना मिळाले, १० टक्के वर्षभर वकिलाच्या देखरेखीतल्या एस्क्रो, म्हणजे पैसे राखून ठेवायच्या, खात्यात, आणि १० टक्के पुढच्या वर्षी ठरलेली विक्री झाली तर. शेवटचे १० टक्के मिळाले नाहीत अशा समजुतीनेच घरचं गणित मांडा. विक्री झाल्यावर लगाम तुमच्या हातात नसतो.

माणसं

कामगारांना मी सहीच्या तीन आठवडे आधी सांगितलं, मामांना तीन महिने आधी. कायद्याचं जुनं तत्त्व असं की नव्या मालकाकडे नोकरी अखंड चालू राहिली, अटी कमी झाल्या नाहीत आणि मागची वर्षं धरली गेली, तर कामगाराला हस्तांतरणाची भरपाई द्यावी लागत नाही. नाहीतर ती द्यावी लागते. हे तिन्ही मुद्दे विक्रीच्या करारात शब्दशः लिहून घ्या.

ग्रॅच्युइटी बहुतेकांच्या हिशोबात नसतेच. शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २६,००० पगार आणि १८ वर्षं नोकरी असेल तर २,७०,००० रुपये, एकाच माणसाचे. २२ जणांची बेरीज पाहून मी पाणी प्यायलो. ती रक्कम किमतीतून वजा झाली, आणि ते योग्यच होतं. ज्यांनी आयुष्य घातलं त्यांचा तो पैसा.

नंतरचं वर्ष

सहा महिने मी सल्लागार म्हणून जायचो, आठवड्यातून दोनदा. नव्या मालकाने माझी खुर्ची बदलली नव्हती, तरी तीत बसलो नाही. मार्च २०२३ मध्ये तेही संपलं.

पहिल्या वर्षासाठी काही बंधनं सहीच्या आधीच कागदावर उतरवली होती आणि बायकोने त्यावर तारीख घातली होती. नवा धंदा नाही. मोठी जागा खरेदी नाही. नातेवाइकांना उसने नाहीत, मदत द्यायची तर परतीची अपेक्षा न ठेवता, दोघांनी मिळून ठरवलेल्या रकमेपर्यंत. कराचे पैसे वेगळ्या मुदत ठेवीत. मार्चअखेर संपेपर्यंत बाकी पैशांनाही फारसा हात नाही. पहिल्या दोन महिन्यांत तीन जण भागीदारीचे प्रस्ताव घेऊन आले. ‘एक वर्ष थांबलोय’ हे वाक्य फार उपयोगी पडलं, कारण त्यात कोणाचा अपमान नाही.

पैशांपेक्षा सकाळ अवघड होती. साडेसहाला जाग यायची आणि पहिल्या पाळीचा फोन नसायचा. तलावपाळीला तीन-तीन फेऱ्या मारायचो. तिथे ‘काय, आता आराम!’ म्हणणारे भेटायचे, आणि त्या शब्दाने मला दिवसभर उदास वाटायचं. आराम मला नको होता. कोणीतरी अडलंय आणि ते माझ्याकडे आलंय, हे हवं होतं.

यावर मला उपयोगी पडलेली पद्धत अशी. धंद्याने मला रोज काय काय दिलं ते लिहून काढलं, पैसे सोडून. यादी चारच ओळींची झाली. कोणीतरी विचारायला येणं. हाताने केलेली वस्तू संध्याकाळी डोळ्यांनी दिसणं. वीस माणसांची रोजची सोबत. आणि ठरलेली वेळ. मग प्रत्येक ओळीपुढे ती गोष्ट आता कुठून मिळेल ते लिहिलं. ‘प्रवास’, ‘छंद’, ‘समाजसेवा’ असे मोघम शब्द लिहायचे नाहीत, वार आणि वेळ लिहायची.

माझी पहिली ओळ बुधवारनेच भरली. विक्रीच्या दोन वर्षं आधीपासून त्या रिकाम्या दिवशी मी एका आयटीआयमध्ये मुलांना मोल्डचं ड्रॉइंग वाचायला शिकवत होतो, विनामूल्य. तेव्हा वेळ घालवायला गेलो होतो. विक्रीनंतर आठवड्यातला तेवढाच दिवस होता ज्याला मी कालच्यासारखाच हवा होतो. ज्यांच्याकडे असा एकही धागा आधीपासून नव्हता, अशा माझ्या दोन मित्रांना फार जड गेलं. त्यातल्या एकाला झोप येईना, बोलणं तुटलं. तो ठाण्यातल्या आयपीएच या १९९० पासून चालणाऱ्या मनआरोग्य संस्थेत गेला आणि सावरला. धंद्यात सीए लागतो तसा इथेही जाणकार लागतो, जायला उशीर करू नका.

सोबतीची ओळ भरायला वेळ लागला. मामा आणि आणखी चौघे महिन्यातून एकदा येऊरला चालायला येतात. कारखान्याविषयी बोलायचं नाही असा नियम मी केला होता, तो पहिल्याच चढावर मोडला आणि मग काढून टाकला. वस्तूची ओळ अजून अर्धी आहे. गॅलरीत वस्तू घट्ट पकडायचं एक छोटं व्हाइस बसवलंय, सोसायटीतल्या मिक्सरची आणि कुकरची झिजलेली रबरं पाहून देतो.

आणि एक गोष्ट यादीत नव्हती. रबाळ्यात १६ वर्षं काढली, ठाणे खाडी हाकेच्या अंतरावर, पण फ्लेमिंगो कधी पाहिले नव्हते. ते हिवाळ्यात येतात आणि मेपर्यंत असतात, म्हणजे नेमके आमच्या मार्चअखेरच्या धावपळीच्या काळात. मार्च २०२३ मध्ये ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने गेलो. चिखलावर गुलाबी पट्टा पसरलेला होता. बायको म्हणाली, “हे इथेच होतं ना रे इतकी वर्षं?” मला उत्तर देता आलं नाही.

स्पर्धा न करण्याची तीन वर्षं २०२५ मध्ये संपली. त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, पुन्हा सुरू करताय का म्हणून. डिस्पॅच बघणारी ती मुलगी आता तिथे मॅनेजर आहे. तिचा नंबर त्यांना पाठवला आणि पिशवीत मापं घ्यायचा व्हर्नियर टाकला. बुधवार होता, दहाच्या आत वर्गावर पोचायचं होतं.